आधी ढिलेपणा काढा, मग अलाइनमेंट करा
जुन्या पद्मिनीच्या पुढच्या चाकांविषयी काही अनुभवाच्या गोष्टी

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मुळात फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती. मुंबईत तिने काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशके धाव घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीचा निरोप झाला. मात्र खासगी मालकांनी हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही गॅरेजमध्ये येतात. संगणकावर अलाइनमेंट करणाऱ्या नव्या दुकानांत या गाडीचे काम घेण्यास पुष्कळदा टाळाटाळ होते. ज्याच्या हातात हुनर आहे त्या कारागिरासाठी हे काम आहे. म्हणून त्याची नीट पद्धत आज पाहू.

आम्ही शागीर्द असताना घडलेली गोष्ट. एका टॅक्सीचा पुढचा डावा टायर दर दोन-तीन महिन्यांनी झिजायचा. आम्ही तीनदा टो-इन बसवून दिले आणि तीनदा पैसे घेतले. चौथ्या खेपेला उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवले आणि म्हणाले, "किंग पिन संपली आहे. ढिल्या चाकाचे माप घेऊन काय उपयोग?" त्या ड्रायव्हरचे टायरचे पैसे आमच्या अज्ञानापायी गेले, ही बोच अजून आहे.

पहिली तपासणी

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून मजबूत स्टॅण्डवर ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. प्ले जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन, तिचे बुश किंवा आर्मचे सांधे पाहावेत. नंतर नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. येथे ढिलेपणा आढळला तर टाय रॉड एंड, आयडलर आर्म आणि स्टिअरिंग बॉक्स तपासावेत. झिजलेला भाग बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाकलेला रॉड तापवून सरळ करणे किंवा त्याला वेल्डिंग करणे म्हणजे ग्राहकाच्या जिवाशी खेळ आहे.

टो-इनचे माप

आता गाडी सपाट फरशीवर उतरवावी. चारही टायरमध्ये पुस्तकाप्रमाणे हवा भरावी. बॉनेटकडील भाग दोन-तीनदा दाबून सोडावा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवावे.

दोन्ही पुढच्या टायरच्या मागील बाजूस, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मोजावे. मग गाडी हाताने पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरवावे. त्याच खुणा आता पुढे येतील. पुन्हा अंतर मोजावे. एकाच जागेची दोन्ही मापे घेतल्यामुळे रिम किंचित वाकडी असली तरी चूक येत नाही. समजा, मागचे अंतर १२०० मिलीमीटर आणि पुढचे ११९७ आले, तर टो-इन ३ मिलीमीटर. योग्य आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. जुन्या पद्धतीच्या टायरऐवजी रेडियल टायर बसवले असतील तर साधारणपणे टो-इन कमी लागते.

माप बदलायचे असेल तर टाय रॉडचे क्लॅम्प ढिले करून दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवावेत. एकाच बाजूचा फिरवला तर रस्त्यावर स्टिअरिंग व्हील तिरके राहते. क्लॅम्प घट्ट करून गाडी पुन्हा थोडी पुढे ढकलावी आणि माप परत घ्यावे. मागे ढकलून घेतलेले माप फसवते.

कॅम्बर आणि टायरची भाषा

फेंडरपासून ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या काठाचे अंतर पाहावे. १४ इंची रिमवर सहा-सात मिलीमीटर फरक म्हणजे सुमारे एक अंश कॅम्बर. दोन्ही चाकांत मोठी तफावत दिसली तर आर्म वाकला आहे का, स्प्रिंग बसली आहे का, हे आधी तपासावे. कॅम्बर बदलला की टो-इनही बदलते, म्हणून टो-इन नेहमी शेवटी बसवावे.

टायरवरून हात फिरवूनही बरेच कळते. बाहेरून आत हात गुळगुळीत जातो आणि आतून बाहेर येताना धार लागते, तर टो-इन जास्त आहे. उलट असेल तर चाके पुढून उघडी आहेत. धार नसून एकाच टायरची एकच कड झिजली असेल तर शंका कॅम्बरची. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करून पाहावेत. ओढ बाजू बदलते, तर दोष टायरचा आहे.

एक शेवटची सूचना. बिलावर कामाआधीचे आणि कामानंतरचे माप लिहून द्यावे, बदललेले जुने भाग ग्राहकाला दाखवावेत. ग्राहकाकडे पैसे कमी असतील तर स्पष्ट सांगावे की किंग पिन आधी, अलाइनमेंट नंतर. आज एक काम हातचे जाईल, पण तोच ग्राहक उद्या आणखी चार गाड्या तुमच्या दारात आणील.