काच आधी, ठिणगी नंतर
पोरा, नवशिक्याचे डोळे बहुतेक वेळा आर्क मारतानाच भाजतात. काळ्या काचेतून जॉब दिसत नाही, म्हणून तो उघड्या डोळ्यांनी रॉड टेकवतो आणि उजेड पडल्यावर काच आडवी घेतो. प्रत्येक रॉडला क्षणभर, पण दिवसभर तेच. तेव्हा काही कळत नाही. रात्री झोपेतून उठवतात डोळे, खुपतात, पाणी थांबत नाही. मग बटाट्याच्या चकत्या नि दूध घालत बसू नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

हातातला स्क्रीन ठेव, डोक्याचं हेल्मेट घे, म्हणजे डावा हात मोकळा राहील. काच 10 नंबरच्या खालची नको. रॉडचं टोक जोडाच्या बोटभर वर आण, डावा हात उजव्या मनगटाखाली दे, कोपर अंगाला टेकव. आता मान झटकून काच खाली पाड आणि मगच, काडेपेटीवर काडी ओढावी तसं टोक ओढ. ओढायचं ते जोडावरच. बाजूला मारलेला डाग कडक होतो, पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो. उजेड पडला की किंचित उचल आणि रॉडच्या जाडीएवढंच अंतर राख.

3.15 मिमीच्या 6013 रॉडला 100 ते 120 अँपिअर पुरतात. तरी चिकटली तर करंट वाढवण्याआधी अर्थचा चिमटा बघ. गंजावर, रंगावर लावलेला असतो. घासून जॉबवरच लाव. चिकटलेली रॉड मनगट पिळून सोडव, नाहीच सुटली तर होल्डरमधून मोकळी कर. पण काच वर करू नकोस, सुटताना रॉड पुन्हा पेटते.

पावसाळ्यात फार जप. वेल्डिंग थांबलेलं असतानाही होल्डरवर 50 ते 80 व्होल्ट असतात. घामाने भिजलेल्या माणसाला तेवढे जिवावर बेतू शकतात. होल्डर बगलेत धरायचा नाही, कोरड्या फळीवर उभं राहायचं, रॉड बदलायची ती कोरड्या हातमोज्यानेच.

जीआय पाइपचं जस्त जोडापासून घासून काढ, नाहीतर त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन तो टळत नाही. आणि कुणी तेलाचा, थिनरचा जुना पिंप घेऊन आला, ‘रिकामाच आहे’ म्हणाला, तरी हात लावू नकोस. आत राहिलेल्या वाफेनेच तो फुटतो. गिऱ्हाईक अडून बसलं तर मला हाक मार.