घुमणारा गडगडाट लांबचा, पण वीज लांबची नव्हे



गावच्या जत्रेत ढोल आणि झांज जवळून सारखीच कानावर आदळते. तेच मळ्यातल्या वस्तीवर बसून ऐका. ढोलाचा धम्म-धम्म येतो, झांज मात्र वाटेतच विरते. असे का होते हे समजून घेतले तर वळवाच्या दिवसांत जीव वाचू शकतो. म्हणून या वेळी खोडव्याच्या खतांऐवजी हा विषय घेतला आहे.

खर्जाचा आवाज लांब का जातो?

आवाज म्हणजे हवेतील लाटा. सेकंदाला किती लाटा निघतात ती त्याची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. खर्जाच्या आवाजात लाटा थोड्या व लांब, किनऱ्या आवाजात पुष्कळ व आखूड. लांब जाताना आवाज चहूकडे पसरून क्षीण होतो, हे दोघांनाही सारखेच. फरक पडतो तो पुढील दोन कारणांनी.

१) हवेची जकात : प्रत्येक लाटेमागे हवेचे कण थोडी शक्ती शोषून घेतात, तिची उष्णता होते. एक किलोमीटरच्या वाटेत 100 हर्ट्झच्या आवाजाच्या सुमारे 300 लाटा बसतात, तर 4000 हर्ट्झच्या जवळजवळ 12,000. जितक्या लाटा जास्त, तितकी जकात जास्त. 20 अंश तापमान व 70 टक्के आर्द्रता असता 125 हर्ट्झच्या आवाजाची शक्ती किलोमीटरभरात हवेमुळे शेकडा सातच घटते. 4000 हर्ट्झच्या आवाजाची मात्र दोनशेवा भाग एवढीच उरते!

२) आडोसा : 100 हर्ट्झची लाट सुमारे 3.4 मीटर लांब असते. ती बांध, झाडे, घरे यांना वळसा घालून पुढे जाते. 3400 हर्ट्झची लाट जेमतेम 10 सेंटीमीटरची. ती उसाच्या पानापानांवर आपटून विखुरते.

आता विजेकडे वळू

जवळ वीज पडली की कडाड् असा कडक आवाज होतो. लांबच्या विजेतला तो किनरा भाग हवा वाटेतच खाते, उरतो तो घुमणारा गडगडाट. तो ऐकून आपण म्हणतो, "लांब आहे, एवढी सरी भिजवून जाऊ." इथेच घात होतो. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, आणि वीजही पावसापासून तितक्या लांब, कोरड्या रानात पडू शकते. म्हणजे गडगडाट कानावर आला, की आपण विजेच्या टप्प्यात आलोच. चमक व आवाज यांतील सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. पण ते पडलेल्या विजेचे, पुढची कुठे पडेल त्याचे नव्हे.

एवढे करा

- पहिला गडगडाट ऐकताच काम थांबवून पक्क्या घरात जा. घर लांब असेल तर बंद टपाची मोटार चालेल. उघडा ट्रॅक्टर नको.
- झाडाखाली, खोपीत, विहिरीवर किंवा तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. विजेच्या मोटारीला हात लावू नका.
- शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नका.
- हे मजुरांना व पाणी धरणाऱ्या गड्यालाही सांगा. मालक थांबल्याखेरीज गडी थांबत नाही.

पाण्याची पाळी चुकली तर पुन्हा येते. माणूस येत नाही.

— ऊस विकास अधिकारी