एक पुस्तक मागून घ्या

परभणीहून पुण्याला एका प्रकाशनसंस्थेत उन्हाळी इंटर्नशिपला आले, तेव्हा फोनवर ‘संपादन साहाय्य’ असं ठरलं होतं. प्रत्यक्षात एप्रिल पार्सलं बांधण्यात गेला आणि मे पुस्तक प्रदर्शनाच्या स्टॉलवर. विक्रीचं काम मुळीच हलकं नाही. माणूस पुस्तक उलटून आधी किंमत बघतो, मग मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो, हे स्टॉलवर उभं राहिल्यावरच कळतं. पण सगळी सुट्टी त्यातच सरली, तर हस्तलिखिताचं पुस्तक कसं होतं ते दिसतच नाही. मानधनाबद्दल विचारलं की ‘बघू, देऊ’ एवढंच उत्तर मिळायचं.

म्हणून रुजू होण्याआधी ईमेल पाठवाच. काम कोणतं, कुणाच्या हाताखाली, मानधन किती आणि कोणत्या तारखेला, याचं उत्तर लेखी येऊ द्या. ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथे जाऊच नका.

त्याच ईमेलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत करायला एक पुस्तक मागा. लहानसं चालेल. माझ्या मते जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती सगळ्यांत चांगली. मला ती मिळाली मेअखेरीस, तीही मुद्रितशोधक काकांमुळे. “ये गं इकडे. मूळ प्रत तू मोठ्यानं वाच, मी प्रूफ बघतो. स्वल्पविरामसुद्धा वाचायचा,” असं म्हणून त्यांनी शेजारी बसवलं. जुनी फाइल श्रीलिपीतली होती, ती युनिकोडमध्ये आणलेली. अशा रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी सुटते, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. संगणक त्यावर बोट ठेवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. ते कान आणि डोळे मिळूनच पकडतात. पुढे कुठेही गेलात तरी छापील मूळ प्रत समोर असल्याशिवाय असं प्रूफ तपासू नका.

येण्याआधी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम नीट वाचून या. 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, एवढेच आहेत. मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांचं शुद्धलेखनावरचं पुस्तक टेबलावर ठेवा. सोबतच्या पुस्तकाचे सोळा पानांचे फॉर्म कसे पडतात, शेवटच्या फॉर्ममध्ये पानं उरली तर काय करतात, हे विचारत राहा. आयएसबीएनचा अर्जही बघा; राजा राममोहन रॉय एजन्सी तो क्रमांक विनामूल्य देते. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. ते पार्सल मात्र हौसेनं बांधा.

राहण्याचं म्हणाल, तर सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळते, पण स्पर्धा परीक्षांची मुलं सुट्टीतही तिथेच असतात, त्यामुळे लवकर शोधा. डिपॉझिटची पावती घ्या. किती दिवस आधी सांगून जागा सोडायची तेही त्यावर लिहून घ्या. माझं निम्मं डिपॉझिट याच मुद्द्यावर कापलं गेलं. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. शाळा उघडायच्या तोंडावर अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि पुस्तकविक्रीही करणाऱ्या संस्थेत शिकवायला कुणाला उसंत नसते. जे शिकायचं ते मे संपायच्या आत मागा.

निघताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात नुसत्या तारखा नकोत. माझ्यात तेवढंच होतं, आणि पुढच्या मुलाखतीत प्रत्येक काम तोंडी पटवून द्यावं लागलं. कोणत्या पुस्तकाची कितवी प्रुफं वाचली ते नावानिशी यायला हवं. त्याचा मसुदा स्वतःच टाइप करून न्या आणि शेवटच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या आधीच सहीला द्या.