दोराचा ताण आणि तुळईचा सोस

न्यासाच्या अंगणात दर उन्हाळ्यात कापडी छत बांधले जाते, हे सभासद-बंधुभगिनींना ठाऊकच आहे. छत उतरवताना एका वर्षी आम्हांस दिसले की, पोलादी दोर सागवानी तुळईच्या धारेत अर्धे बोट रुतला होता. दोर शाबूत होता. सोसले ते लाकडाने. चूक आमचीच. छत लोंबू नये म्हणून आम्हीच दोर करकचून ताणला होता. त्या छताखाली मुलांची पंगत बसते, म्हणून हा हिशेब सर्वांनी एकदा समजून घ्यावा.

प्रथम ताण पाहू. एकूण भारास दोन टोकांमधील अंतराने गुणावे आणि झोळाच्या आठपटीने भागावे. आपले अंतर 10 मीटर. कापड, ओल व बेताचा वारा मिळून एका दोरावर 200 किलो भार धरू. झोळ अर्धा मीटर ठेवल्यास ताण येतो 500 किलो. झोळ पाव मीटर केला की तोच ताण 1000 किलो होतो. भार तोच, झोळ निम्मा, ताण दुप्पट! छत देखणे दिसावे म्हणून दिलेला प्रत्येक पीळ तुळईला भोगावा लागतो.

आता हा ताण लाकडावर कसा उतरतो? आपला दोर आडवा येऊन तुळईवरून काटकोनात खाली वळतो व जमिनीतील कडीस बांधला जातो. 500 किलो ताण असता तुळईला 500 किलो खाली दाबतात आणि 500 किलो आत ओढतात. दोन्ही मिळून तिरपा जोर सुमारे 707 किलो.

हा जोर किती जागेवर पसरतो, यावर सारे अवलंबून. ताणास वळणाच्या त्रिज्येने व टेकणाऱ्या रुंदीने भागले की दाब मिळतो. धार 5 सेंटिमीटर त्रिज्येने गोल तासली, तरी 8 मिलिमीटरच्या उघड्या दोराखाली दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला 125 किलो. कोरी धार असेल तर त्रिज्या जवळजवळ शून्य, म्हणजे दोर करवतीसारखाच. लाकूड रेषांच्या दिशेने पुष्कळ सोसते, आडवे फार कमी. जुन्या सागासाठी आम्ही 25 किलोच मर्यादा धरतो.

उपाय साधा आहे. तितक्याच त्रिज्येच्या जाड पोलादी नळीचा उभा चिरलेला पाव भाग, 8 सेंटिमीटर लांबीचा, तासलेल्या धारेवर नीट बसवावा आणि दोर त्याच्या मधोमध घ्यावा. दाब साडेबारा किलोवर येतो. मात्र झोळ पाव मीटर केलात, तर तोच दाब 25 किलो होऊन मर्यादेला टेकतो.

तुळई वाकेल किंवा आत ओढली जाईल काय, हा प्रश्न वेगळा; तो जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. वादळाची चिन्हे दिसताच छत उतरवावे. आणि दरवर्षी छत बांधण्यापूर्वी दोघांनी मोजपट्टीने झोळ मोजून वहीत लिहावा.

छत थोडे लोंबले तर लाज कसली? तो झोळच आपल्या तुळईचा विसावा आहे.