कबड्डीवर पोट भरते का?

दौंड तालुक्यातले एक गाव. ऊसतोडीचे दिवस होते. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांचा डाव रंगला होता. खेळून घरी आलेला थोरला मुलगा म्हणाला, "आबा, मी कॉलेज सोडतो. कबड्डीच खेळतो. आता त्यात पैसा आहे."

आबा म्हणाले, "अरे, कबड्डीवर कुणाचं पोट भरलंय?"

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे ते पाहू.

पूर्वी चांगल्या कबड्डीपटूला रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरी मिळे. पगार नोकरीचा, खेळ संघासाठी. सन २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तेव्हापासून संघ बोली लावून खेळाडू घेतात व हंगामाचे पैसे ठरवून देतात. परदेशांत ही रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये जमिनीवर धरलेला चेंडू पायाने मारून दोन खांबांमधून धाडणारा एक खास गडी असतो. कधी कधी सगळा सामना त्याच्या एका लाथेवर ठरतो. तो चुकत राहिला, तर त्याच्या जागी दुसरा येतो.

आपल्या चढाईचेही तसेच आहे. चढाईला मिळतात ३० सेकंद. लीगमध्ये लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो. नाही आणला, तर चढाई करणारा बाद!

शिरूरला घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पूर्वी त्याला अहमदनगर म्हणत. अस्लम इनामदार हा खेळाडू त्याच जिल्ह्यातला. लहानपणीच वडील वारले. आईने कष्ट करून घर चालवले. लीगच्या आठव्या हंगामात तो पुणेरी पलटण संघातून खेळू लागला. तो हंगाम करोनामुळे सगळा बंगळूरला झाला. मैदानात प्रेक्षक नव्हते, टाळ्या नव्हत्या. तरी तो नेटाने खेळला.

पुढच्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, पुण्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला. पण अस्लमला दुखापत झाली होती. तो बाहेर बसला, आणि संघ हरला. त्याने धीर सोडला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या संघात तो होता. पुढे तो पुण्याचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवले आणि प्रथमच लीग जिंकली.

पण त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात गुडघा दुखावला. मधूनच खेळ थांबवावा लागला. २०२५ साली तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला.

आबांनी हे ऐकले. क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "खेळ बाबा. मी आडवा येणार नाही. पण गुडघा काही सांगून दुखावत नाही. कॉलेज सोडू नकोस."

मुलगा म्हणाला, "बरं आबा. सकाळी मैदान, दुपारी कॉलेज."

वाचा आणि सांगा :
१. प्रो कबड्डी लीग कोणत्या साली सुरू झाली?
२. तिसऱ्या चढाईत गुण का आणावा लागतो?
३. आबांचे म्हणणे तुम्हांला पटते का? का?