रुग्णालयाच्या विजेचीही नाडी पाहा

उरणजवळ बोकडविऱ्याला वायूवर वीज तयार होते. ती रुग्णालयात कशी खर्च होते, हे मोजणेही आरोग्याचेच काम आहे.

रीत सोपी आहे. बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटची बेरीज करावी, जनरेटरची वीजही धरावी आणि इमारतीच्या क्षेत्रफळाने भागावे. समजा, ६०० चौरस मीटरच्या रुग्णालयाला वर्षात ३६,००० युनिट लागले, तर आकडा ६० येतो. २००२ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो इमारती याच मापाने जोखते.

रुग्ण वाढले नसताना हा आकडा चढला, तर कारण शोधावे. खाऱ्या वाऱ्याने वातानुकूलन यंत्राची बाहेरची जाळी गंजते, धुळीने बुजते. मग तेवढ्याच गारव्याला जास्त वीज लागते. ७५ वॅटच्या ३० पंख्यांऐवजी ३० वॅटचे बसवले, तर २० तासांत २७ युनिट वाचतात.

मात्र काटकसर जपून करावी. लसींचा फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवा. शस्त्रक्रियागृहातील खेळती हवा आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण यांतही कपात नको. रुग्णाला अपाय करून वाचवलेले युनिट शेवटी महागच पडते.