आधी एकच दिवा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

आजीच्या पाटल्या गहाण टाकून तीन स्टुडिओ फ्लॅश, दोन मोठे सॉफ्टबॉक्स आणि पडद्याचे कागदी रोल आणायचा बेत आहे, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तेव्हापासून आत्याचं चित्त थाऱ्यावर नाही. बातमी अर्धीमुर्धी असेल तर बरंच. पुरी खरी असेल, तर हे पत्र वाचून होईपर्यंत सराफाकडे पाऊल टाकू नकोस.

पोर्ट्रेट शिकायला एक दिवा पुरतो. एक फ्लॅश, स्टँड, पांढरी छत्री, ट्रिगर आणि थर्माकोलची मोठी पांढरी शीट, बस्स.

मोठे फोटोग्राफरच बघ. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही जन्माने कोलकात्याची. 1863 मध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती 48 वर्षांची होती. इंग्लंडमधल्या आपल्या घरी तिने कोंबड्यांच्या खुराड्याचं काचघर केलं आणि तिथल्या दिवसाच्या उजेडात माणसं बसवली. पुढे डार्विन आणि टेनिसनही तिच्या कॅमेऱ्यासमोर बसले. मालीची राजधानी बामाको इथे सेदू केइताने 1948 मध्ये स्टुडिओ थाटला, तोही बहुतेक अंगणातल्या उन्हावरच. मागे पडदा म्हणून त्याने स्वतःची चादर टांगली. फिल्म महाग, म्हणून गिऱ्हाईकामागे सहसा एकच फोटो. ते फोटो आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. यातल्या कुणी घरचं सोनं मोडलं होतं, असं आत्याच्या वाचनात नाही.

आता दिव्याकडे ये. तो माणसाच्या समोरून थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या जरा वर ठेव. मग हळूहळू बाजूला सरकवत जा आणि नजर नाकाच्या सावलीवर ठेव. ती गालावरच्या सावलीला जाऊन मिळाली की डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. यालाच रेम्ब्रांट लाइट म्हणतात. फ्लॅश क्षणात विझतो, सावली आधी दिसत नाही. म्हणून पहिले काही आठवडे साध्या एलईडी बल्बवर सराव कर. छत्री चेहऱ्याजवळ आणलीस की उजेड मऊ होतो, कारण चेहऱ्याच्या मानाने ती मोठी होते. सावली फार काळी वाटली तर पलीकडून थर्माकोल धर. त्याच शीटवर काळं कापड टाकलंस की सावली आणखी गडद होते.

अंतराचा हिशेब मात्र पाठच कर. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. माणूस दिव्यापासून 2 फुटांवर आणि भिंत 8 फुटांवर असेल, तर भिंतीवर सोळावा हिस्साच पडतो. छत्री लावल्यावर आकडा तंतोतंत जुळत नाही, पण तुझ्या खोलीतली पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी येईल, हे नक्की. मग राखाडी रोल कशाला? आणि त्यासाठी पाटल्या कशाला? तुझ्या बायकोच्या हातात घालायच्या म्हणून आजीने त्या अडचणीच्या वर्षांतही मोडल्या नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

आजोबांच्या स्टुडिओत दिव्यांना तोटा नव्हता. आत्या तिथे पेन्सिलीने निगेटिव्ह रिटच करायची. गावभरच्या नवरा-नवरींचे चेहरे तिच्या हाताखालून गेले. आजी मागच्या खोलीतच असायची, पण तिला कधी त्या स्टुलावर बसवावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. आत्याच्याही नाही. हॉलमध्ये लावलेला फोटो म्हणजे मोठा करून घेतलेला पासपोर्ट साइज. त्यात आजीचा चेहरा आहे. तिचं हसू नाही. ही रुखरुख जात नाही, निखिल.

रागाच्या भरात जास्त लिहिलं गेलं. तुझा हात चांगला आहे, बाळा. गणपतीत तू आजोबांना खिडकीशी बसवलंस, ट्यूबलाइट आठवणीने बंद केलीस, कारण तिचा रंग उन्हात मिसळला असता. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तो फोटो आत्याने फ्रेम करून घेतलाय, हे तुला अजून सांगितलेलं नाही.

फ्लॅशचे आणि छत्रीचे पैसे आत्या देईल. परत करायची भाषा करू नकोस. रविवारी सामान घेऊन ये, आत्या समोर बसेल, हवा तितका वेळ. चष्म्यात छत्री चमकली तर दिवा आणखी वर घे आणि तिला हनुवटी जराशी खाली घ्यायला सांग. भरली वांगी करतेय, जेवायच्या वेळेआधी पोच.

तुझी,
आत्या